अर्धा इंच कुठे आहे?

गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपाखाली निळा ड्रम ठेवायचा, त्याला तळाशी नळ बसवायचा आणि तेच पाणी कुंड्यांना घालायचं, एवढाच माझा बेत होता. दुकानातून अर्ध्या इंचाचा नळ आणि अर्ध्या इंचाचं टाकी निपल, म्हणजे टाकीच्या भोकात बसवून नळ जोडायचा आट्यांचा तुकडा, आणलं. घरात ड्रिल मशीन होतंच. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, हे शाळेत पाठ केलेलं. 13 चं बिट लावलं आणि तळापासून चार बोटं वर देखणं गोल भोक पाडलं. निपल काही त्यात शिरेना. फूटपट्टी लावली तर आट्यांवरून ते चांगलं 21 मिलिमीटर भरलं.

निपल घेऊन पुन्हा दुकानात. दुकानदार शांतपणे म्हणाले, "ताई, पाइपाचं माप आतून असतं. भोक बाहेरच्या मापाने पाडायचं असतं."

पटलं. पण तिथेच पडलेल्या लोखंडी पाइपाचा तुकडा आतून मोजला, तर तोही 16 च्या आसपास. मग अर्धा इंच गेला कुठे? तर तो जुन्या, जाड पाइपांच्या पोटात होता. पुढे लोखंड सुधारलं, पाइप पातळ झाले, पण आधीच्या जोडण्यांचे आटे जुळायला हवेत म्हणून बाहेरचा घेर तसाच ठेवला आणि आतली पोकळी तेवढी वाढली. नाव मात्र तेच राहिलं. गंमत म्हणजे घरात गरम पाण्यासाठी वापरतात तो अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी पाइप बाहेरून 15.9 मिलिमीटरच असतो. म्हणजे एका अर्ध्या इंचाच्या पोटात दुसरा अर्धा इंच जवळजवळ मावतो!

आट्यांची घडणही विलायती. 1841 साली व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने सगळ्यांचे आटे एकसारखे असावेत असं सुचवलं, आणि त्याच 55 अंशांच्या घडणीतून आलेले आटे आपण आजही नळाला फिरवतो. अर्ध्याच्या निपलला इंचाला 14 आटे. मीटर-सेंटिमीटर आपल्याकडे 1958 पासून लागू झाले, पण प्लंबरपर्यंत ते पुरते पोचलेले नाहीत. तो 'पाऊण' म्हणतो. फॅब्रिकेशनवाला 'चार सूत' म्हणतो; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे परत अर्धा इंचच.

आता भोक 21-22 चं करायचं होतं. शेजाऱ्यांकडून गोल दातेरी होल सॉ आणला. त्याच्या मधोमध एक बारीक बिट असतं, ते आधी रुततं आणि बाकीच्याला जागेवर धरतं. माझ्याकडे मधोमध काय होतं? 13 मिलिमीटरची हवा! होल सॉ ड्रमवर नाचला. भोक झालं, पण लंबगोल, एका बाजूला 25 पर्यंत फाकलेलं. निपल घातलं, रबरी वायसर लावला, नट जीव खाऊन आवळला. एका बाजूने थेंब सुरूच. आणखी आवळला तेव्हा वायसर सुरकुतून जिभेसारखा बाहेर आला.

शेवटी प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वायसर काढून हातावर ठेवला. "हा नटाखाली घातलात? नट फिरतो तसा हा पण पिळतो. याची जागा आत, निपलच्या डोक्याखाली. तिथे काही फिरत नाही." शिवाय हा रबर भोकात बसत नाही, भोकाच्या भोवती बसतो. भोक जरा सैल असलं तरी त्याला चालतं, फक्त टेकायला चहूबाजूंनी सपाट जागा हवी. माझ्या लंबगोलाने एका बाजूची तीच जागा खाल्ली होती.

रात्री फोनवर दादाला हे सांगितलं तर तो खूप हसला. त्याच्या शेतात ठिबक आहे. त्याचा सबमेन, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्यांना पाणी देणारा मोठा पाइप, 63 मिलिमीटरचा, आणि त्याला तो बिनदिक्कत 'दोन इंची' म्हणतो. तिथला रबर मात्र वेगळ्या स्वभावाचा. त्याला ग्रोमेट म्हणतात. तो भोकातच बसतो, पाइपाची कड त्याच्या खाचेत अडकते. मग त्यात टेकऑफ, म्हणजे बारीक नळी जोडायची तोटी, दाबून घातला की रबर आतून फुगतो आणि भोक गच्च धरतो. त्यामुळे भोक ग्रोमेटच्या खाचेच्या मापाचं हवं, लॅटरल, म्हणजे ती बारीक नळी, 16 ची असो की 12 ची. "सूतभर मोठं पाडलंस तर मोटर सुरू केली की टेकऑफ उडून बांधावर," दादा म्हणाला. त्याने एकदा बिट सापडेना म्हणून दुसऱ्याच बिटाने सगळी ओळ पाडली होती. ती अजून गळते. भोकं पाडताना आत गेलेला प्लॅस्टिकचा भुगा सबमेनचं तोंड उघडून आधी वाहू द्यायचा, नाहीतर तो थेंब सोडणाऱ्या ड्रिपरमध्ये जाऊन बसतो, हेही त्याने न विचारता सांगितलं.

काकांनी माझ्या ड्रमवर वेगळाच तोडगा काढला. भोक लहान करता येत नाही, म्हणून ते गोल कानशीने घासत घासत सगळीकडून 27 केलं आणि त्यात पाऊण इंचाचं निपल बसवलं. वायसर आत. पुढे पाऊणवरून अर्ध्यावर आणणारा रिड्यूसर, टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे, आणि मग माझा तो मूळचा अर्ध्याचा नळ. ड्रम भरून रात्रभर ठेवला, खाली वर्तमानपत्र अंथरून. सकाळी कागद कोरडा.

जाताना काकांनी माझं ड्रिल मशीन नीट पुसलं, खोक्यात घातलं आणि खोका माळ्यावर, पार मागे सरकवून ठेवला.