मधलं नाव ठरलेलंच असतं म्हणे, आम्हाला सहा महिने लागले

आमच्यात मधलं नाव निवडायचं नसतंच की, बापाचं लावलं की झालं, हे मला पण माहीत होतं. पोरगा जूनमध्ये झाला, इथंच बेळगावात, आणि त्याचा नावासकट जन्माचा दाखला हातात पडला डिसेंबरात. म्हणून लिहूलोय, कुणाला उपयोग झाला तर बघा.

पहिलं नाव बारशालाच ठरलं. आत्यानं कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या, विषय संपला. (ते नाव इथं लिहीत नाही, आमची आई म्हणते दृष्ट लागते.) घोळ सगळा माझ्या नावात आहे. माझं नाव ज्ञानेश्वर. आमचे आबा वारकरी, दरवर्षी पायी जायचे, त्यांनी हौसेनं माउलींचं नाव ठेवलं, पण इंग्लिशमध्ये ते कसं लिहायचं हे माउलींनी सांगितलेलं नाही.

दहावीच्या मार्क्स कार्डावर जे-एन. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा पॅन काढलं, तिथल्या पोरानं न विचारता डी-एन-वाय टाकलं, कारण मराठीत आपण द्न्यानेश्वरच म्हणतो ना. आधारवर जी-वाय. ते कुणी केलं देवाला ठाऊक, बहुतेक हिंदी वळणाचं कुणीतरी बसलेलं असणार. एक माणूस, तीन कागद, तीन ज्ञानेश्वर. आणि गंमत म्हणजे कन्नडात काहीच प्रॉब्लेम नाही, तिथं ज्ञ जसाच्या तसा आहे, उच्चार वेगळा करतात एवढंच. इकडं मराठी-कन्नडवरून एवढं रान पेटतं, आणि माझं नाव बिघडवलं ते इंग्लिशनं.

हॉस्पिटलनं फॉर्म भरताना माझ्या आधारची झेरॉक्स घेतली, त्यामुळे वडिलांच्या रकान्यात जी-वायवालं नाव गेलं. मी तेव्हा रात्रभर झोपलेलो नव्हतो, बघितलंच नाही. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा सोडला. ते एक बरं केलं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, ती हॉस्पिटलकडून होते, पण नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत त्याला फी पण नाही. म्हणून कुणी घाई केली तरी घाबरून चुकीचं स्पेलिंग घालू नका. घालणं सोपं आहे, काढणं अवघड.

आता तुम्ही म्हणाल मधलं नाव एवढं कशाला धरून बसायचं, सोडून द्या. माझा बेंगळूरचा ऑफिसमधला मित्र हेच म्हणाला. त्यांच्याकडं पुढं एक इनिशियल लावतात, आडनाव बऱ्याच जणांना नसतंच. पण आमचं गाव येळ्ळूरच्या बाजूला, तिथं दगड मारला तर पाटलाच्याच घरावर पडतो. माझ्याच वर्गात एका नावाचे दोन पाटील होते, बापाच्या नावानंच ओळखायचे, एकाचा मार दुसऱ्यानं खाल्ल्याचं पण आठवतंय. उताऱ्यावर सुद्धा बापाचं नाव बघूनच कळतं जमीन कुठल्या पाटलाची. त्यामुळं मधलं नाव पाहिजेच, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं.

कुणाचं, यावर मात्र नव्हतं. बायको नेहाचं माहेर गडहिंग्लज, म्हणजे महाराष्ट्रात. तिच्या बहिणीला गेल्या वर्षी मुलगी झाली, आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदात मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असं लिहायचं ठरलंय. बहिणीनं दाखल्याचा फोटो पाठवला आणि आमच्या घरात त्या दिवशी जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. दोन दिवसांनी नेहा शांतपणे म्हणाली, "माझं मधलं नाव आधी माझ्या बाबांचं, लग्न झाल्यावर तुमचं. मला कुणी विचारलं? हॉस्पिटलात ह्याच्या हाताला जो पट्टा बांधलेला त्यावर बेबी ऑफ नेहा लिहिलेलं. जन्मल्याबरोबर ह्याला माझंच नाव लागलं की, मग आता का नको?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर नव्हतंच. मी म्हटलं हे कर्नाटक आहे, इथं तो नियम नाही. तर म्हणते नियम नाही म्हणजे बंदी आहे का, विचारून या.

विचारायला गेलो. पहिल्या फेरीला सर्व्हर डाऊन. दुसऱ्या फेरीला साहेब मीटिंगला. तिसऱ्या फेरीला खिडकीवरच्या क्लार्कनं "हेसरू एन री?" विचारलं, मी नाव सांगितलं, तर तो तीन कागद समोर ठेवून हसायलाच लागला. पण माणूस चांगला निघाला, मोडक्या मराठीत म्हणाला, ज्ञानपीठ कसं लिहितात बघा, जे-एन. आपल्या जिल्ह्यातल्या कंबारांना मिळालंय ना ते, मग तुम्ही पण जे-एनच लिवा. (कन्नड साहित्यिक चंद्रशेखर कंबार, हुक्केरीकडच्या घोडगेरीचे.) ज्ञानपीठवाल्यांच्या रांगेत आपलं स्पेलिंग बसतंय म्हटल्यावर छाती जरा फुगलीच, पण खरं कारण त्यानं नंतर सांगितलं. दहावीचं मार्क्स कार्ड हा मुळातला कागद, तो बदलायला गेलात तर म्हातारे व्हाल, बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात तुम्ही आईचं घाला, बापाचं घाला, आम्ही आहे तसं टाईप करतो, आई-बापाची नावं तशीही वेगळ्या रकान्यात असतातच.

मग क्रम असा लागला. आधी माझं आधार मार्क्स कार्डाप्रमाणं करून घेतलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातलं एकदा गेलं. मग नोटरीकडं जाऊन अफिडेविट, की तीन स्पेलिंगवाला माणूस एकच. ते घेऊन दाखल्यातल्या वडिलांच्या रकान्यात दुरुस्ती. आणि ती झाल्यावर मग बाळाचं नाव. हे उलटं केलं असतं तर बापाच्या रकान्यात एक ज्ञानेश्वर आणि मुलाच्या मधल्या नावात दुसरा, असा दाखला झाला असता आणि शाळेपासून लग्नापर्यंत पोरगं मला शिव्या देत बसलं असतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, लायसन्स, पासपोर्ट सगळीकडं जन्माचा दाखलाच मेन धरतात, त्यामुळं तो एकदाच पण नीट करून घ्या. दुरुस्तीच्या कागदावर सही मिळायला आणखी तीन आठवडे गेले, कारण डिसेंबर आला, सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानसभेच्या इमारतीत, अधिवेशन लागलं, आणि ज्या साहेबांना विचारावं ते ड्युटीला गेलेले.

या मधल्या काळात घरात पण ठरलं. दोन्ही घालायची. बाळाचं नाव, नेहा, ज्ञानेश्वर, पाटील. मला वाटलं होतं आई लई चिडणार, तिला मी अधिवेशनाचं कारण सांगून आठवडाभर टाळलं. शेवटी सांगितलं तर म्हणाली, "लांब झालं की रे. हाक मारून होईपर्यंत पोरगं वेशीबाहेर जातंय." एवढंच. एक खबरदारी म्हणून पासपोर्टचा फॉर्म ऑनलाईन उघडून बघितला, तिथं मधल्या नावाला वेगळा रकानाच नाही. आडनाव एकीकडं, बाकी सगळं दुसरीकडं. म्हणजे एक घातलं काय आणि दोन घातली काय, तिथं सगळी एकाच पोत्यात जातात.

दाखला आला तेव्हा इंग्लिशमधलं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, नंतर शेजारच्या कन्नड काकांकडून कन्नड बाजू वाचून घेतली. त्यांनी शेवटी अ लावून ज्ञानेश्वराऽ पाटीलाऽ असं ऐटीत वाचलं, सगळं बरोबर होतं. नाव एका ओळीत मावलं नाही, पाटील खाली गेलाय. लॅमिनेशन केलं नाही, तुम्ही पण करू नका, झेरॉक्स काढून ठेवा.

आई सगळं ऐकत बसली होती, मांडीवर पोरगं. म्हणाली, "आईचं आलं, बापाचं आलं. रोज तेल लावून आंघोळ कोण घालूलंय ह्याला? तिचं कुठाय यात?"