कातळशिल्पांसाठी छोटं अनुदान मागताना

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची (जांभ्याच्या उघड्या पठारांवरची) बरीच कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली जुनी चित्रं, खासगी जमिनीत आहेत, म्हणून अर्जाआधी सातबारा काढा. हिस्सेदार पाच-सहा, त्यातले निम्मे मुंबईला. लेखी संमती जमवतानाच मुदत टळते. शिल्पाभोवती गडगा (दगडी कुंपण) घालण्याचं काम दिवाळी ते मे यांच्यामध्येच दाखवा, पावसात सडा गवताखाली जातो. अंदाजपत्रकात मोघम ‘इतर खर्च’ नको: चिरे (जांभ्याचे घडीव दगड), वाहतूक, मजुरी, फलक वेगळे मांडा, दरपत्रकं जोडा. फोटोसाठी रेषांत खडू भरू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या आपसूक उठतात. गडग्याचे चिरे शिल्पावर उतरवलेत तर ओरखडे कायमचे. मजुरीची पावती त्याच दिवशी सहीनिशी घ्या (शिमग्यानंतर माणूस कुठला सापडायला!), नाहीतर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्चले याचा दाखला) अडतं आणि अनुदानाचा दुसरा हप्ताही.