फेरोची चित्रं आणि रद्द झालेली बोट

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांपैकी मिकिनेस बेटाची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली (तिथे म्हणतात 'मीचिनेस', तिकीट विचारताना उपयोगी पडेल). हात चोळत बसण्यापेक्षा राजधानी टोर्शाव्हनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात दुसऱ्यांदा गेले. हे संग्रहालय शहरातल्या झाडीत आहे, आणि फेरोत झाडं इतकी कमी की पत्ता म्हणून 'झाडी' एवढंही पुरतं.

पहिल्या दिवशी चित्रकार इंगाल्वुर आव रेयनी (१९२०–२००५) यांच्या चित्रांपुढून पाच मिनिटांत सटकले होते. करडा, काळा, मधूनच मळका पांढरा. कशाचं चित्र, काही उमगेना. नंतर चार दिवस बसने हिंडले. ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेला, खाली पाणी आहे की धुकं ते कळत नाही, मधे दोन-तीन आडवे काळे पट्टे तेवढे शिल्लक. परत त्याच चित्रापुढे उभी राहिले तर उतार दिसायला लागला. अगदी जवळ गेले, तेव्हा तो पुन्हा नुसता रंग झाला. तीन पावलं मागे, की परत डोंगर. असं बराच वेळ चाललं. पहारेकऱ्याला माझी शंका आली असावी.

ते पट्टे आपल्याला परके नाहीत. फेरो बेटंही सह्याद्रीसारखीच लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेली, तशाच कातळपायऱ्या. फक्त इथे त्यांना झाकायला जंगल नाही.

दुसरे चित्रकार सामाल योएन्सेन-मिकिनेस (१९०६–१९७९) मात्र पहिल्याच भेटीत पकडतात. माझी बोट हुकली त्याच बेटावरचे. काळ्या कपड्यांतली शोकाकुल माणसं, व्हेलच्या शिकारीचं लालभडक पाणी. निसर्गचित्रं बघायला आले होते, पण तिथून पाय निघेना.

सवड असेल तर सुदुरॉय बेटावर जा, फेरीने साधारण दोन तास. चित्रकार रुथ स्मिथ (१९१३–१९५८) तिथल्या वागुर गावच्या. गावात त्यांच्या चित्रांचं छोटं संग्रहालय आहे. आधी फोन करूनच निघा. गावाच्या फ्योर्डमध्येच (डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत) पोहताना त्या बुडाल्या. हे ठाऊक झाल्यावर त्यांची चित्रं पाहणं जड जातं.

आता कामाचं. फेरो हा डेन्मार्कच्या राज्यातलाच स्वायत्त भाग, पण डेन्मार्कसारखा शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. डेन्मार्कच्या व्हिसासाठी अर्ज करतानाच फेरोला जायचंय हे सांगा आणि व्हिसावर तसा उल्लेख आहे ना, ते पाहा. कोपनहेगनहून जाऊन परत तिथेच यायचं, म्हणून शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा घ्या. मिकिनेस शेवटच्या दिवशी ठेवू नका; हातात दोन दिवस राखीव हवेत. छत्री घरीच ठेवा, वाऱ्यापुढे ती टिकत नाही. टोर्शाव्हनमधल्या लाल बस फुकट आहेत, संग्रहालयाला त्यानेच जा. पाऊस पडतोय म्हणून गाडीतून उतरायचं टाळू नका, चित्रं कळतात ती त्याच हवेत.

आणि सुटे पैसे नीट बघा. फेरोच्या नोटांवर मागच्या बाजूला चित्रकार झकारियास हाइनेसन यांची जलरंगातली निसर्गचित्रं आहेत. डेन्मार्कमध्ये दुकानदार या नोटा घेताना कुरकुरतात, म्हणून निघण्याआधी खर्च करा, असं सगळे सांगतात. मी शंभराची एक ठेवून घेतली. क्लाक्सविकचं चित्र आहे तिच्यावर.