सोंडेपासून सुरुवात

मी रत्नागिरीत राहते आणि माहितीफलक, पुस्तिका, माहितीपटांच्या संहिता लिहिते. मागे एका संस्थेने राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कातळशिल्पासाठी मजकूर मागितला. गावातल्या वाटाड्यांनी पाहुण्यांना सांगायचा, वीसेक मिनिटांत संपणारा.

माहितीची वानवा नव्हती. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर कोरलेला सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर उंचीचा हत्ती आणि त्याच्या आत आणखी कितीतरी प्राणी, जलचर. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पालथे घालून शोधलेली शिल्पं. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेली कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं. कशेळी त्यातलं एक. आराखडाही झाला होता: भूगर्भ, शोध, काळ, अर्थ, जतन. तरी गाडी पहिल्या परिच्छेदापुढे सरकेना. ‘कोकणाला प्राचीन इतिहास लाभला आहे’ अशा चालीची वाक्यं लिहायची आणि खोडायची. लिखाण अडलं की लोक म्हणतात, सुचत नाही. मला सुचत भरपूर होतं. कशाच्या मागोमाग काय यावं, ते ठरत नव्हतं.

शेवटी वही घेऊन सकाळीच कशेळी गाठली. तिरपं ऊन असेपर्यंत खोबणींत सावली राहते आणि रेषा उठून दिसतात. ऊन डोक्यावर आलं की कातळ सपाट दिसायला लागतो. शेजारच्या वाडीतल्या एक काकी पाहुण्यांना फिरवत होत्या. मी त्यांच्या मागेच राहिले.

पुण्याहून आलेलं एक कुटुंब होतं. सगळे हत्तीपाशी उभे, आणि हत्ती कुणालाच दिसेना. एवढं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही. पायाजवळ नुसती एक खोबण दिसते. काकींनी ना जांभ्याचं सांगितलं, ना युनेस्कोचं. म्हणाल्या, “ही सोंड. हिच्या कडेकडेने चला माझ्यासोबत. रेषेवर पाय नको हां.” सोंडेवरून डोकं, पाठ, शेपूट, पाय. फेरी पुरी झाली तशी धाकटी मुलगी ओरडली, “अगं आई, आपण हत्तीला फेरी मारली!” मग काकींनी आतली चित्रं दाखवायला घेतली. “ही पाकट मासळी. बाजारात बघितली असशील ना?”

आणि मग प्रश्न सुरू झाले. कुणी काढलं? कशाने कोरलं? किती जुनं? कशासाठी? मी ते ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, एकेका चिठ्ठीवर एकेक असे लिहीत गेले. वारा चिठ्ठ्या उडवत होता म्हणून कातळापासून लांब, गवतात बसून त्यांच्यावर खडे ठेवले. घरी केलेल्या आराखड्यात पहिला असलेला भूगर्भ इथे ‘कशाने कोरलं’च्या पोटात गेला. जांभा दगड किती कठीण, हे रेषेवरून हात फिरवल्यावरच विचारावंसं वाटतं. शोधाची हकिगत त्याहून मागे गेली. युनेस्को पार शेवटी, ‘मग आता हे सांभाळतं कोण?’ या चिठ्ठीखाली.

खरी गाठ ‘कशासाठी’पाशी होती. या शिल्पांचा हेतू आणि नेमका काळ अजून पक्का झालेला नाही. काही अभ्यासक ती दहा हजार वर्षांहून जुनी मानतात, सगळे नाही. घरी मी याच परिच्छेदाला टाळत होते आणि तो मागचं सगळं अडवून बसला होता. काकींना मात्र कुणी विचारलं की त्या बिनदिक्कत सांगत, “आमची म्हातारी म्हणायची पांडवांनी काढलं. शिकलेले लोक अजून शोधतायत.” ही दोन वाक्यं त्यांना विचारून मी जशीच्या तशी घेतली.

पहिलं वाक्य मी सर्वांत शेवटी लिहिलं. सुरुवात केली ती पाकटीपासून, कारण तिच्याबद्दल सांगायला मी आतुर होते. तिथून मागे-पुढे विणत गेले. अडलेल्या कुणालाही मी हेच सांगते: जिथे जीव अडकलाय तिथून लिहायला घ्या, दारातूनच आत शिरायला हवं असं नाही.

मसुदा काकींनी सड्यावर मोठ्याने वाचून पाहिला. ‘प्राचीन मानवाच्या कलाजाणिवेचा आविष्कार’पाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, “हे माझ्या तोंडी बसत नाही, बाय.” ते वाक्य गेलं.

त्यानंतर उक्षी गावातल्या कातळशिल्पाचं काम आलं. तिथे शिल्पाभोवती कठडा आहे आणि कशेळीपेक्षा पुष्कळ लहान असलेला हत्ती कडेला उभं राहिलं की अख्खा दिसतो. कशेळीचा आराखडा तिथे चालला नसता. त्या मजकुरात हत्ती पहिल्याच ओळीत आला आणि बारकावे मागाहून. चिठ्ठ्या मात्र तिथेही, लोकांच्या मागे फिरूनच लिहिल्या.