ग्राफिक्स कार्ड नसेल तर रॅमच्या दोन स्टिक घ्याच

ग्राफिक्स कार्डाशिवाय पीसी घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगतो, रॅमची एकच स्टिक बसवून घेऊ नका. पुतणीच्या नव्या पीसीत नेमकं तेच झालं होतं.

ती अकरावीत आहे, ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर शिकतेय. भावानं नाशिकमधल्याच एका दुकानातून पीसी असेंबल करून आणला. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी, आणि ती निवड उत्तमच. साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, 'जी'मध्ये असतं. (इंटेल घेणाऱ्यांनीही जपून, १२४०० मध्ये असतं, १२४००एफ मध्ये नसतं.)

"काका, माउस पुढे जातो आणि चित्र मागून येतं," ती म्हणाली. यूट्यूब लावलं की पंखा घोंघावायला लागायचा.

डिव्हाइस मॅनेजर उघडला तर डिस्प्लेखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर'. म्हणजे एएमडीचा ड्रायव्हर टाकलेलाच नव्हता, चिपमधलं ग्राफिक्स नुसतं बसून होतं आणि सगळा भार प्रोसेसरवर. एएमडीच्या साइटवरून ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, पंखा शांत झाला. ब्लेंडर मात्र अडखळत होतं.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान पाहिलं. स्लॉट दोनपैकी एकच वापरात, स्पीड २४००. स्टिकवर तर ३२०० छापलेलं!

खरी मेख इथे आहे. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते, चिपमधल्या ग्राफिक्सला नसते. ते रॅममधूनच सगळं उचलतं, आणि त्याच रॅमवर प्रोसेसरही हक्क सांगत असतो. रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता म्हणजे चॅनेल. एका चॅनेलमधून एका वेळी ८ बाइट जातात. २४०० च्या वेगानं (म्हणजे सेकंदाला २४० कोटी वेळा) एका स्टिकवर सेकंदाला १९.२ जीबी मिळतात. ३२०० च्या दोन स्टिक, म्हणजे दोन चॅनेल, असतील तर ५१.२. अडीचपटीहून जास्त फरक, तोही प्रोसेसर न बदलता.

तशीच आणखी एक ८ जीबीची स्टिक आणली, त्याच कंपनीची, त्याच स्पीडची. वायर काढून पॉवर बटण दाबून धरलं, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि पुतणीलाच स्टिक बसवायला दिली. खाच जुळवून दोन्ही टोकं दाबायची, 'कट' आवाज येईपर्यंत. मुलं दाबायला घाबरतात, पण इथे बऱ्यापैकी जोर लागतो. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू केलं; त्यानं रॅम छापलेल्या वेगानं चालते. त्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन थोडा वेळ काळीच राहते. बोर्ड रॅमची चाचणी घेत असतो, तेवढा धीर धरा, लगेच बटण दाबू नका.

बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी रॅम राखून ठेवायचीही सोय असते. एकूण ८ जीबीच असताना तिथे ४ देऊन टाकणारे मी पाहिलेत, त्यांचं विंडोजच गुदमरतं. गरज पडली तर ड्रायव्हर सामायिक रॅममधून आणखी घेतोच. आम्ही १६ पैकी २ वर थांबलो.

आता तिचं मॉडेल माउसबरोबर फिरतं. शेवटचा रेंडर, म्हणजे मॉडेलचं पक्कं चित्र, अजून प्रोसेसरवरच होतो, सहा कोअर असले तरी वेळ खातो. त्यासाठी कार्ड घ्यायचं का, ते बारावी झाल्यावर बघू, असं भावाशी ठरलंय.