घरात माणसं किती

गुरुवार, रात्र

गणपत गल्लीतल्या बाजारातून आल्यापासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. ‘अक्का, घरात माणसं किती ओ आता?’ भाजीवालीनं सहज विचारलं. माझ्या पिशवीत मेथी, मुळ्याचा पाला, कोथिंबीर आणि वर पाथरीच्या दोन जुड्या. कुणीही विचारलं असतं. मी ‘आहेत की’ म्हणून निघाले.

‘आहेत की’ का म्हटलं मी? एक म्हणायला काय झालं होतं?

मार्गशीर्षात बाजार नुसता हिरवागार असतो. शेपू, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला, अंबाडी. शेपूपाशी हात आपोआप थांबला. ह्यांना वास चालायचा नाही म्हणून घरात कधी यायची नाही. आता येऊ शकते, पण मी ती घेतली नाही. असो.

सगळी निवड धोंडूसाठी, माझ्या कासवासाठी. कासवाला काय, कुठलाही पाला टाका, असं येणारे-जाणारे म्हणतात. कसं टाकायचं? पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून बसतं, मग ते अंगी लागत नाही. ज्याच्या पाठीवर एवढं कवच, त्याला कॅल्शियम कमी पडलं तर कवच मऊ होतं, पाय वाकडे होतात. चुका, चाकवत, राजगिरा, बीटचा पाला, सगळ्यांची तीच गत. कोबी कधीतरी चालतो, रोज दिला तर थायरॉइडला त्रास. पाल्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवं. केळं, आंबा मी देतच नाही. त्याच्या आतड्यात गवत आंबवून पचवणारे जिवाणू असतात, गोडानं त्यांचं बिनसतं. धाकटी पुण्याहून फोनवर ‘आई, एक तुकडा दे ना’ म्हणते. तिला म्हणायला काय जातंय.

मूळचा तो सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या माळरानावरचा. तिथं गवत हेच जेवण. म्हणून त्याच्या ताटात निम्म्याहून जास्त हरळी आणि वाळलेलं गवत, आणि बाकीचा पाला रोज बदलून. जास्वंदीची पानं-फुलं, मागच्या दारची तुती, काटे काढलेलं फड्या निवडुंग. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा एक तुकडा कायम बाजूला ठेवलेला. शेजारी अजून कुजबुजतात, स्टार कासव पाळलंय म्हणून. अहो, ते आपल्या रानातलं, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हा आफ्रिकेचा सल्काटा, आणि त्याची रीतसर नोंद केलेली आहे. किती वेळा सांगायचं.

तर हे सगळं निवडते त्याच्यासाठी. आणि मी दुपारी काय खाल्लं? कालची आमटी, कालचाच भात. संध्याकाळी चहा. उभ्यानंच. त्याला एकच पाला सलग दिला तर जिवाला घोर लागतो, आणि मी आठवडाभर तीच आमटी गरम करून खाते. माझ्यासाठी जुडी हातात घेऊन, उलटून, किडकी पानं बघून कुणी शेवटची भाजी कधी घेतली होती? घेतली होती. जाऊ दे.

‘माणसं किती.’ परत तेच.

पाथरी निवडायला बसले तेव्हा आठ वाजून गेले होते. देठ खुडला की दुधासारखा चीक येतो, नखात बसतो, मग काळा पडतो. ती भाजीवाली हिला हक्करकी म्हणते. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर, कारळाच्या चटणीबरोबर कच्चीच खायची. निवडता निवडता एक पान तोंडात टाकलं. कडसर. मग अजून एक. धोंडू दिव्याखाली ऊब घेत होता. काही कासवांसारखं त्याला थंडीभर झोपू देऊन चालत नाही, उष्ण मुलखातला आहे. त्याच्यापुढं चार पानं ठेवली. आधी मान लांब करून वास घेतला, मग एकदम गुलाबी जीभ, आणि चोचीनं करकन तुकडा. पानाचा एक कपटा चोचीला चिकटून राहिला. तो तसाच चावत राहिला, मीही चावत राहिले.

मग भाकरी केली. एकीसाठी परात काढायचा मला कंटाळा येतो, तरी काढली.

ही कासवं पन्नास वर्षंसुद्धा सहज जगतात. धाकटीशी एकदा नीट बोलायला हवं. आज नको.

खरं तर तिनं वाईट काहीच विचारलं नव्हतं. मला एक आणि धोंडूला बाकीची, असं साधं सांगता आलं असतं. कदाचित हसली असती. आणि हसली तर हसली, तिला धोंडूबद्दल सांगितल्याशिवाय माझं पुढचं काम होणारही नाही. पाथरी ती कुठून आणते, हे मला विचारायचंच आहे. कडोलीकडच्या बांधावरची असेल तर हवी तेवढी घेईन. पण वांग्याच्या नाहीतर फ्लॉवरच्या वाफ्याशेजारची असली तर औषधाची फवारणी तिच्यावरही उडालेली असणार, आणि पाला कितीही धुतला तरी माझा भरवसा बसत नाही. रविवारी लवकर गेलं पाहिजे, दहानंतर तिच्याजवळ गर्दी होते. शेपूची एक लहान जुडीही बाजूला ठेव म्हणेन.