नानांचा आवाज बसला तेव्हा

नाना बाजार समितीत कांद्याच्या लिलावाचा पुकारा करायचे. "अकराशे, अकराशे दहा, अकराशे वीस..." एका दमात, ट्रॅक्टरच्या रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाई. गेल्या पावसाळ्यात तो आवाज बसला. धुळीनं बसला असेल म्हणून दोन महिने मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध चाललं. त्या दोन महिन्यांची मला अजून हळहळ वाटते. 3 आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज दाखवून घ्यायचाच असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

खुणा तर समोर होत्या. घसा दुखत नव्हता, सर्दी नव्हती. बोलताना हवा निसटायची. दोन आकडे म्हटले की नानांना दम घ्यावा लागे. खोकलाही पोकळ. भाकरी नीट जायची, पण पाण्याचा घोट घेतला की ठसका.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि मलाही पडद्यावर दाखवलं. "ई म्हणा" म्हटलं की उजवा स्वरतंतू मधोमध यायचा. डावा जागचा हलत नव्हता. दोघांत फट राहायची. हवा तिथूनच निसटायची, पाणी तिथूनच श्वासनलिकेत जायचं.

मग त्यांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. आवाजासाठी छाती कशाला? तर डावा तंतू हलवणारी नस गळ्यातून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. उजवीचा वळसा वरच्या वर, म्हणून डावीलाच जास्त वेळा इजा होते. या वाटेत ती कुठंही दुखावते: थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये, फुफ्फुसाच्या कॅन्सरनं, कधी विषाणूनं. कधी कारण सापडतच नाही. दोन्ही तंतू लुळे पडले तर आवाज बरा राहूनही श्वास अडतो, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचं.

कॅन्सर हा शब्द कानावर पडला त्या रात्री आई जेवली नाही. नानांच्या छातीत टीबीच्या गाठी निघाल्या. 6 महिन्यांचं औषध सुरू झालं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी पाणी प्यायची रीत शिकवली: मान डाव्या खांद्याकडे वळवायची, मग घोट गिळायचा. लुळी बाजू मिटते, पाणी चांगल्या बाजूनं उतरतं. नाना तांब्या हातात घेऊन आधी मान वळवत, क्षणभर थांबत, मग गिळत. ठसका थांबला.

आवाज चौथ्या महिन्यापासून भरू लागला. लिलावाएवढा नाही झाला. पण परवा अंगणातून "दिवा लाव गं" म्हणाले, ते मला स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीतही ऐकू आलं.